हळद गुहागरला, वाफ कशेडीला

यंत्रांच्या बाबतीत माझी या जन्मीची नेमणूक टॉर्च धरण्यावर झालेली आहे. फ्यूज उडो, मोरी तुंबो, पंप बंद पडो, कोणीतरी जाणता माणूस वाकतो, मागे न बघता माझ्या हातात टॉर्च देतो आणि म्हणतो, "जरा इकडे मारा. इकडे म्हणजे तिकडे नाही." लॅमिंग्टन रोडवरून मी एकदा पान्यांचा भारी सेट आणला होता. त्यातला एकही पाना अजून खोबणीतून हललेला नाही. शेजारी मागायला येतात तेव्हा मी तो नुसता उघडून दाखवतो.

त्यामुळे गुहागरला भाचीच्या लग्नाला आपण बाबांच्या गाडीने जाऊ, असं बायकोने जाहीर केलं तेव्हा मी आधी टॉर्चचे सेल बदलून घेतले.

बाबांची गाडी म्हणजे 1979 ची प्रीमियर पद्मिनी. सासऱ्यांनी ती जिवापाड सांभाळली आणि जाताना फ्लॅट मुलाला व गाडी मुलीला दिली. मेव्हणा भेटला की अजूनही माझी पाठ थोपटतो. जन्म कुर्ल्याचा, इंजिन 1089 सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हिच्यावर संसार केले, आणि 2023 च्या ऑक्टोबरअखेर शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचंही वय भरलं. आमचा हा प्रवास त्याच्या थोडा आधीचा. कशेडीचा बोगदा तेव्हा सुरू झालेला नव्हता. गाडी चालवते बायको. मी शेजारी बसून मैलाचे दगड मोठ्याने वाचतो.

मुंबई-गोवा महामार्गाविषयी काही लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण राहवत नाही. या रस्त्याचा क्रमांक 17 चा 66 झाला, म्हणजे कागदावर प्रगती भरपूर आहे. जमिनीवर मात्र चौपदरीकरणाला दशक उलटून गेलं, तरी कोलाडपासून माणगावपर्यंत आम्ही पहिला गिअर, दुसरा गिअर, पुन्हा पहिला, असं खड्डे मोजत चाललो होतो. हे सगळं खर्चात कोणाच्या नावावर पडलंय ते देव जाणे. या गाडीचा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. इंजिन हळू तर पंखा हळू, गाडी हळू तर समोरून वारा नाही. सासऱ्यांनी तापमानाचं एक वेगळं घड्याळ बसवून घेतलं होतं. माणगावच्या वेशीवर त्याचा काटा जरा वर सरकल्यासारखा वाटला. मी तेही मोठ्याने वाचलं. "दगड वाचा," बायको म्हणाली.

पोलादपूर मागे पडलं आणि कशेडीचा चढ लागला. चौथ्या की पाचव्या वळणावर काटा घड्याळाच्या पार पलीकडे गेला, इंजिन दोनच पायांवर चालल्यासारखं लंगडायला लागलं आणि मागे पांढऱ्या धुराचा असा लोट उठला की मागचा टेम्पो दिसेनासा झाला. बायकोने गाडी कडेला घेऊन बंद केली. बोनेटच्या फटींतून वाफ येत होती.

घाटात बंद पडलेल्या गाडीभोवती किती तज्ज्ञ जमतात, हे ज्याची गाडी कधी बंद पडली नाही त्याला कळायचं नाही. पहिली आली एसटी. ड्रायव्हरने वेगही कमी केला नाही. खिडकीतून मान बाहेर काढून ओरडला, "हेड गेलंऽऽ!" आणि वळणाआड गेला. मग एक मोटरसायकलवाला. त्याच्या मते प्लग. तो थेट रेडिएटरच्या झाकणाकडे हात न्यायला लागला तेव्हा बायकोने छत्रीने त्याचं मनगट अडवलं. गरम रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि सगळं एकदम उकळून माणसाच्या तोंडावर येतं. तो म्हणाला, "वहिनी, मी रोज उघडतो." बायको म्हणाली, "तुमच्या रेडिएटरचं उघडा." मोटरसायकलला रेडिएटर नव्हता. तो गेला.

तिसरा ट्रकवाला. त्याने शांतपणे वाकून पाहिलं आणि विचारलं, "हळद आहे का?"

हळद होती. लग्नासाठी सांगलीहून मुद्दाम मागवलेली, पिशवीभर, मागच्या सीटवर. रेडिएटरला बारीक भोक पडलं तर त्यात हळद टाकतात, ती वाहत जाऊन भोकात बसते आणि गळती धरते. ट्रकवाल्यांचा हा उपाय खोटा नाही. मी पिशवीकडे वळलो.

"ती नवरीची आहे," बायको म्हणाली, आणि विषय संपला.

इंजिन निवेपर्यंत आम्ही कठड्यावर बसलो. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेड तडकू शकतं, हे बायकोला वडिलांनी शिकवलेलं. मग गाडी वळवून, न्यूट्रलवर, घाट उलटा उतरत आम्ही पोलादपूरला आलो. या गाडीच्या ब्रेकला इंजिनाची मदत लागत नाही. नवी गाडी असती तर उतारावर पायाखाली दगड आला असता.

पोलादपूरला रस्त्याकडेलाच पत्र्याची शेड होती. मिस्त्री साठीचे, चष्म्याला दोरी. मी एसटी ड्रायव्हरचं निदान सांगितलं. ते म्हणाले, "त्यो बरोबर असंल. पण त्येनं बघितलं न्हाय. आपुन बघू."

माझा खरा प्रवास सुरू झाला तो इथून. मिस्त्रींनी आधी काही उघडलंच नाही. इंजिनाच्या चारही बाजूंनी फिरले आणि रेडिएटरच्या खालच्या होजवर बोट ठेवलं. क्लिपजवळ उभी चीर. गेल्या पावसाळ्यात मुंबईतल्या एका गॅरेजने हा होज नवा म्हणून बसवला होता, नव्याचे पैसेही घेतले होते. आत मात्र कोणाच्या तरी गाडीतून निघालेला जुना रबर होता, बाहेरून काळं पॉलिश मारलेला. त्या गॅरेजवाल्याविषयी माझ्या मनात तेव्हा जे विचार आले ते लग्नाच्या घरी चालण्यासारखे नव्हते. पाणी तिथून थेंबथेंब गेलं आणि इंजिन कोरडं पडलं.

"मग नुसता होज बदला," मी म्हणालो. मिस्त्रींनी माझ्या हातात टॉर्च दिला.

मग त्यांनी ऑइलचं झाकण काढलं. आतून बासुंदी लागलेली. पण तेवढ्याने ते खूश होईनात. जवळच्या जवळ हिंडणाऱ्या गाडीच्या झाकणाखाली दमटपणानेही असं जमतं म्हणाले, आणि ऑइलची कांडी ओढली. कांडीवरही तेच. मग रेडिएटर भरला, झाकण न लावता इंजिन क्षणभर चालू केलं. पाण्यात बुडबुडे. प्लग काढून एका फळीवर रांगेत मांडले: पहिला आणि चौथा तपकिरी, मधले दोन वाफेने घासल्यासारखे लख्ख. शेवटी प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून बायकोला स्टार्टर मारायला सांगितला. बाहेरच्या दोन सिलिंडरांनी अंगठा उडवला, मधल्या दोघांनी नुसता उसासा टाकला.

"दोन आणि तीनच्या मधी जळलंय," मिस्त्री म्हणाले. एसटी ड्रायव्हरला जे दोन सेकंदांत कळलं ते कळायला त्यांना दुपार लागली, पण नेमकं कुठे ते कळलं. आणि तडकलेलं हेडही अशीच लक्षणं दाखवतं, म्हणून उघडल्यावर पुन्हा बघणार म्हणाले. त्या माणसावर माझा जीव जडला. माझ्या दाढेचं निदान एवढ्या कसोशीने आजवर झालेलं नाही.

हेड उतरवताना रॉकर निघाले, पुशरॉड निघाले. प्रत्येक पुशरॉड मिस्त्रींच्या पोराने बिस्किटाच्या खोक्याला भोकं पाडून, आकडे घालून, खोचला. ज्याची जागा त्यालाच द्यायची. गॅस्केट निघालं. दोन आणि तीनच्या मधली अरुंद पट्टी जळून काळी झालेली. या गाडीचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तापलं की अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या साधारण दुप्पट फुगतं, आणि दोघांच्या मधे राहून आग, पाणी आणि तेल यांना एकमेकांपासून दूर ठेवायचं काम त्या पातळ पत्र्याचं. लग्नघरात वधूची आत्या हेच करते.

हेड तडकलं नव्हतं, पण वाकलं होतं. सरळ पट्टी ठेवून खालून सहा थाउचा, म्हणजे इंचाच्या सहा सहस्रांशांचा, फिलर सारला, तो सरळ आत गेला. "महाडला नेऊन फेस करून आणा," मिस्त्री म्हणाले. म्हणून मी मिनीडोरमध्ये बसलो, हेड मांडीवर, लाल चादरीत गुंडाळून. समोरच्या म्हातारीने माझ्या मांडीकडे बघून भक्तिभावाने नमस्कार केला. मी तिला अडवलं नाही. मलाही त्या वस्तूकडून बरंच काही हवं होतं.

लेथवाल्याने विचारलं, "आधी कधी फेस मारलंय का? दर वेळी थोडं जातं. जास्त गेलं की कॉम्प्रेशन चढतं, मग इंजिन ठोकतं." मी बायकोला फोन केला. ती म्हणाली, "बाबांची वही बघते." सासऱ्यांनी गाडीच्या खणात एक वही ठेवली होती, त्यात पेट्रोलच्या प्रत्येक लिटरचा हिशेब. बराच वेळ ती बोलेना. मग म्हणाली, "एकदाच. 1988, डिसेंबर. पाच थाउ."

"बरं, सांगतो त्याला."

"खाली लिहिलंय, वेरूळची सहल रद्द."

मी थांबलो. "गणितात बेचाळीस मार्क पडले म्हणून रद्द झाली असं सांगितलं होतं मला," ती म्हणाली. "एवढी वर्षं मी तेच धरून बसले. गणिताने वेरूळ घालवलं." मग थोड्या वेळाने, "बाबांनी गाडीची इज्जत राखली बघ. माझी नाही राखली." ती हसत होती की काय ते फोनवर कळलं नाही.

लेथवर तास-दीड तास लागणार होता. मी चवदार तळ्यावर जाऊन बसलो. सकाळपासून मी पाण्याच्या नावाने खडे फोडत होतो. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह इथे आले आणि ओंजळभर पाणी प्याले. तेवढ्यासाठी त्यांच्या माणसांना गावात मार खावा लागला. त्या पायऱ्यांवर माझी कुरकुर मला फार किरकोळ वाटली. मी हेड घेऊन परतलो.

रात्री जोडणी झाली. मिस्त्रींनी ब्लॉकचा माथा खरवडून स्वच्छ केला, नवं गॅस्केट भोकाला भोक जुळवून बसवलं, आणि नट मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या बाजूला, एका दमात नाही, तीन फेऱ्यांत कसले. टॅपेट लावले. पाणी मिसळलेलं ऑइल काढून नवं भरलं, नाहीतर बेअरिंगं गेली असती. होजही नवा, या खेपेला माझ्यासमोर पाकिटातून काढलेला. मी टॉर्च धरला. मधे एकदा त्यांनी "शाब्बास, असाच ठेवा" म्हटलं. ते मला म्हणाले की पोराला, हे मी विचारलं नाही. निघताना बजावलं, "पाचशे किलोमीटर झाल्यावर गार इंजिनावर हेड परत कसून घ्या. विसरू नका."

सकाळी कशेडी चढताना काटा जागचा हलला नाही. भोस्ते घाट, परशुराम घाट, चिपळूण, सगळं नजरेसमोरून गेलं, पण माझी नजर काट्यावर असल्यामुळे त्याचं वर्णन बायकोला विचारा. गुहागरला पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि पंगतीत मठ्ठा उरला होता. हळद त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणली होती. आमची सांगलीची पिशवी बघून वधूचे काका म्हणाले, "अरे, एवढी हळद गाडीत होती? मग रेडिएटरमध्ये का नाही टाकलीत?" तोवर आणखी चार जण बोनेटपाशी जमले होते. एकाने प्लग म्हटलं.

रात्री बायकोने खणातली वही काढली आणि वडिलांच्या अक्षराखाली एक रेघ सोडून लिहिलं: हेड गॅस्केट, फेसिंग सहा थाउ, ऑइल, होज. पुढे रक्कम. त्याखाली: चहा (ह्यांचा), 180 रु. मग जरा विचार करून आणखी एक ओळ: वेरूळ, दिवाळीत. गाडी हीच.