कोणत्या तारखेची लोकसंख्या?

जयगडच्या जेट्टीवर उभं राहिलं की खाडीपलीकडचं तवसाळ इतकं जवळ दिसतं, की मोठ्यानं हाक मारली तर कोणीतरी 'ओ' देईल. पण मध्ये शास्त्री नदी आडवी पडलेली. मी मुंबईहून रत्नागिरीपर्यंत रेल्वेनं, तिथून जयगडला एसटीनं आणि आता फेरीबोटीनं, असा टप्प्याटप्प्यानं गुहागर तालुक्यात शिरत होतो. वीर स्टेशनच्या पुढे रुळांची एकच जोडी. त्यामुळे समोरून येणाऱ्याला 'आधी तुम्ही' म्हणण्याचा शिष्टाचार आमच्या गाडीनं वाटेत मनापासून पाळला. कोकण रेल्वे 1998 साली पूर्ण झाली. कोकणी माणूस काही तिच्यासाठी थांबला नव्हता. तो केव्हाच बोटीनं गिरणगावात पोचला होता.

जेट्टीपासून पुढे मित्राची वाडी. मित्र अर्थात मुंबईला. घरी त्याचे आजोबा होते. मी चहा घेता घेता, शहरी माणसानं विचारावा तसा प्रश्न विचारला, "आजोबा, वाडीत माणसं किती?"

"कोणत्या तारखेला?"

मी गप्प.

"गणपतीत विचारशील तर पडवीत पाय ठेवायला जागा नाही. शिमग्याला पालखी नाचवायला खांदे जास्त, पालखी एक. मे महिन्यात पोरंच पोरं, एक आंबा झाडावर राहू देत नाहीत."

"आणि आज?"

आजोबांनी बोटांच्या पेरांवर मोजलं. "एकोणीस. तू वीस. रात्री बावीस."

"रात्री दोन कोण वाढतात?"

"वस्तीची गाडी येते ना! ड्रायव्हर आणि कंडक्टर."

मी फोनमधून सरकारी आकडे काढून दाखवले. 2001 साली रत्नागिरी जिल्ह्यात 16,96,777 माणसं, 2011 साली 16,15,069. सगळा देश वाढतोय आणि हा जिल्हा आक्रसतोय. शिवाय हजार पुरुषांमागे 1,122 बायका. आजोबांना यातल्या कशाचंच आश्चर्य वाटलं नाही. त्यांचा आक्षेप मुहूर्तावर होता.

"मोजायला आले कधी?"

"फेब्रुवारीत."

"आणि होळी त्या वर्षी मार्चात. तीन आठवडे थांबवलं नाही? पंगत बसायच्या आधी पत्रावळी मोजून गेले!"

संध्याकाळी वाडीतून फिरलो. दहा पावलांवर घर, घराला कुलूप, कुलपाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली, पावसात गंजू नये म्हणून. एका अंगणात एक आजी झाडत होत्या. मग पुढच्या अंगणात त्याच. त्याच्या पुढच्याही. मला वाटलं, आजींची संख्या तरी भरपूर आहे. मग कळलं, अकरा घरांच्या किल्ल्या एकट्या त्यांच्याकडे. कोणाचा नळ गळतो, कोणाच्या कौलावर माकडं नाचली, मुंबईला फोन करून सगळं कळवायचं. पगार विचारला तर म्हणाल्या, "गणपतीत पेढे आणतात की!"

रात्री साडेनऊला घाटीच्या वळणावर दिवे दिसले आणि कुत्र्यांसकट वाडी दारात आली. गाडीतून तिघं उतरली. आजोबांनी एकाला ओळखलं नाही. "कोणाकडचे तुम्ही?" उलटतपासणीत तो शेजारवाडीचा जावई निघाला. "म्हणजे आपल्यात धरायचा नाही," आजोबा मला हळूच म्हणाले. जनगणना अशी चोख हवी.

सकाळी सहाला तीच गाडी गुहागरला सुटते. माझ्या शेजारी कालच्या आजी येऊन बसल्या, मांडीवर पिशवी. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना 2022 पासून एसटी फुकट आहे, तेव्हापासून त्यांना तालुक्याला महिन्यातून दोनदा तरी काम निघतं. बाकीच्या बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट. म्हणजे त्या गाडीत पूर्ण पैसे मोजणारा मी एकटाच. कंडक्टरनं यंत्रातून आजींचं शून्य रुपयांचं तिकीट काढून दिलं. आजींनी ते नीट घडी घालून कमरेला खोचलं.

गाडीनं खड्डा घेतला आणि पिशवी खणखणली.

"काय गो आजी, पितळेची भांडी मोडीत काढतेस काय?" कंडक्टर म्हणाला.

"घरं आहेत," आजी म्हणाल्या. "अकरा. तुझ्या यंत्रात बसतील?"