इटालियन खुर्ची आणि जडसंग्रह

कचेरीत शिरल्यावर साहेब कोण, हे विचारावं लागत नाही. ज्या खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल, ती साहेबांची. फिरती पण बिनटॉवेलची असेल तर ती कार्यालय अधीक्षकांची, बिनहाताची असेल तर लिपिकाची आणि एक पाय किंचित आखूड असेल तर ती खास अभ्यागतांसाठी राखून ठेवलेली. मागच्या बाजूला ऑइलपेंटने रंगवलेला जडसंग्रह नोंदवहीतला क्रमांक मात्र लहानमोठ्या सगळ्यांनाच. एवढीच काय ती समता.

अशा वातावरणात वाढलेल्या माणसाने पादुआच्या कुलगुरूंच्या कचेरीबद्दल वाचू नये. वाचलं की तीन दरपत्रकं मागवून सर्वांत कमी दराचं टेबल घेणाऱ्या आपल्या यंत्रणेबद्दल उगीच वाईट वाटायला लागतं.

इटलीतलं पादुआ विद्यापीठ 1222 सालचं. गॅलिलिओ तिथे 1592 पासून 1610 पर्यंत शिकवत होता. विद्यापीठाची जुनी मुख्य इमारत म्हणजे पलाझ्झो बो. 1930 च्या दशकात तिथले कुलगुरू होते कार्लो आंती. हे गृहस्थ पुरातत्त्वाचे. पण जुनं उकरण्यात जन्म घालवलेल्या या माणसाने कचेऱ्या नव्याने सजवायला बोलावलं ते मिलानच्या जिओ पोंतीला. पोंती वास्तुकार, शिवाय 1928 मध्ये ‘दोमुस’ हे मासिक काढणारा. म्हणजे सजावटीबद्दल मतं असलेला, आणि ती दरमहा छापूनही आणणारा. त्याच्या हाती आपली कचेरी सोपवणं ही धाडसाची गोष्ट. 1942 पर्यंत काम चाललं. दालनं, टेबलं, खुर्च्या, दिवे, सगळं त्याने रेखाटलं. आणि एवढ्यावर समाधान झालं नाही म्हणून जिन्याच्या भिंतींवर भित्तिचित्रंही काढली. माणूस ज्ञानाच्या पायऱ्या चढत वर जातो, असा त्या चित्रांचा विषय. आपल्याकडेही कचेऱ्यांच्या जिन्यात चित्रं असतात. कोपऱ्याकोपऱ्यात शंकर, साईबाबा, मक्का आणि येशू यांच्या टाइल्स बसवलेल्या असतात. चढणाऱ्याचं ज्ञान वाढावं असा त्यामागे हेतू नसतो, त्याने थुंकू नये एवढीच माफक अपेक्षा असते.

याच इमारतीत गॅलिलिओचं व्यासपीठ जपून ठेवलेलं आहे. ओबडधोबड फळ्यांचं, वर चढायला पायऱ्या ठोकलेलं. गुरुजी मागच्यांना दिसावेत म्हणून विद्यार्थ्यांनीच ते करून दिलं, असं सांगतात. त्याला ना निविदा, ना रेखाटन, ना पॉलिश. तिथून जवळच 1595 सालचं शवविच्छेदनाचं नाट्यगृह आहे. लंबवर्तुळाकार, एकावर एक चढत गेलेल्या सहा अरुंद सज्जांचं, कोरीव लाकडी कठड्यांचं. खाली टेबलावर प्रेत, आणि वर विद्यार्थी कठड्याला टेकून उभे. बसायची सोयच नाही. म्हणजे शतकानुशतकं शिकणारा उभा, शिकवणारा फळ्यांवर, आणि शेवटी पोंतीची खुर्ची आली ती कुलगुरूंच्या दालनात! इटली असो की इचलकरंजी, खुर्च्या आधी कुठे पोचतात याचा नियम काही बदलत नाही.

पोंतीवर मात्र राग धरवत नाही, कारण पुढे 1957 मध्ये त्यानेच कासिना कंपनीसाठी ‘सुपरलेजेरा’ नावाची खुर्ची केली. अ‍ॅश लाकडाची, वेताने विणलेली, वजन अवघं 1.7 किलो. लहान मुलाने एका बोटावर उचलावी इतकी हलकी. ती चौथ्या मजल्यावरून खाली फेकून बघितली तरी मोडली नाही, असंही सांगतात. आपल्या कचेरीत ही खुर्ची आणायची म्हटलं तर पहिली अडचण लेखापाल काढतील: पावणेदोन किलोची वस्तू जडसंग्रहात धरायची कशी? आणि दुसरी अडचण खुद्द साहेबांची. इतकी हलकी खुर्ची कुणीही उचलून नेईल, ही भीती ज्याला वाटत नाही तो मुळात त्या पदापर्यंत पोचतच नाही.

पुस्तकं ठेवण्याच्या बाबतीत इटालियन मंडळी याहून धाडसी. फ्रांको अल्बिनीने 1940 मध्ये मिलानला स्वतःच्या घरासाठी ‘वेलिएरो’ नावाचं पुस्तकांचं शेल्फ केलं. शिडाच्या जहाजासारखे दोन खांब, त्यांना ताणून बांधलेल्या तारा, आणि त्या तारांवर तोललेल्या काचेच्या फळ्या. पुस्तकं जणू अधांतरी. दिसायला अप्रतिम. एके दिवशी ते काचांसकट कोसळलं म्हणतात. कासिनाने 2011 मध्ये ते पुन्हा बाजारात आणलं, अर्थात मजबूत करून. तरीही विश्वकोशाचे खंड आणि वीस वर्षांचे बांधीव दिवाळी अंक त्यावर ठेवायची माझी छाती होणार नाही. आपलं लोखंडी कपाट कुरूप खरं, पण शब्दाला जागतं. फक्त किल्ली सापडत नाही.

मला सगळ्यांत पटलं ते व्हेनिसचं क्वेरिनी स्टाम्पालिया ग्रंथालय. 1961 ते 1963 या काळात कार्लो स्कार्पाने तिथला तळमजला नव्याने केला. व्हेनिसमध्ये भरतीचं पाणी घरात शिरतं. स्कार्पाने त्याला अडवायचा हट्ट सोडला. दगडी पन्हळी केल्या, चालायची वाट उंच घेतली, आणि पाण्याला सांगितलं, या, पण इथूनच. पुस्तकं वरच्या मजल्यावर सुखरूप. दर पावसाळ्यात तळमजल्यावरची भिजलेली पुस्तकं उन्हात वाळत घालणाऱ्या आपल्या वाचनालयांनी स्कार्पाचा फोटो लावायला हरकत नाही.

पण या ग्रंथालयाची खरी आखणी स्कार्पाच्या कितीतरी आधीची आहे. 1869 मध्ये वारलेल्या काउंट जिओव्हान्नी क्वेरिनी स्टाम्पालियाने मृत्युपत्रात आपली सगळी मालमत्ता हे ग्रंथालय चालवणाऱ्या संस्थेला दिली, आणि लिहून ठेवलं की इतर सार्वजनिक ग्रंथालयं बंद असतात त्या वेळी, विशेषतः संध्याकाळी, हे उघडं असावं. दिवसभर काम करणारा माणूस वाचायला केव्हा येणार, हे खुर्चीच्या आधी त्याला सुचलं.

आपल्याकडे काहीच नाही असं मात्र कुणी म्हणू नये. मुंबईच्या डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या सज्जातल्या लांब हातांच्या लाकडी आरामखुर्च्या प्रसिद्धच आहेत. वाचकाला झोप लागू शकते हे गृहीत धरणारं ते फर्निचर. आणि एशियाटिक सोसायटीकडे दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’चं जुनं हस्तलिखित आहे. मुसोलिनीने त्यासाठी दहा लाख पौंड देऊ केले आणि सोसायटीने नकार दिला, अशी कथा सांगतात. एवढ्या रकमेत किती इटालियन खुर्च्या येतील, हा प्रश्न त्या सभेत कुणी विचारला नसावा. नशीब आपलं.

तेव्हा तुमच्या वाचनालयाची वार्षिक सभा येईल आणि विषयपत्रिकेवर फर्निचर खरेदी असेल, तर त्याआधी रात्री दहापर्यंत वाचनालय उघडं ठेवण्याचा ठराव मांडा. अनुमोदनाला मी आहे. बसायला आखूड पायाची खुर्ची मिळाली तरी चालेल.