आत्याचा टाइप

"सॅप शिकतोय," असं फोनवर सांगितलं, तर वडगावच्या आत्याने विचारलं, "विषारी का बिनविषारी?"

तळेगावच्या कारखान्यात हिशेब लिहिण्यात वीस वर्षं घालवल्यावर साहेबांनी मला पुण्याला क्लासला धाडलं. आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी 1972 साली जर्मनीत सॅप ही कंपनी काढली. तिच्या सॉफ्टवेअरची भाषा एबॅप. तिथे काहीही साठवायचं तर आधी 'डेटा' म्हणून वर्दी द्यायची. नाव सांगायचं, तेही 30 अक्षरांच्या आत. मग टाइप, म्हणजे आत काय आणि किती मावेल, तो सांगायचा आणि शेवटी पूर्णविराम.

बरीच नावं एकदम द्यायची असतील तर 'डेटा'पुढे दोन टिंबं, मग प्रत्येक नावामागे स्वल्पविराम. हे मला पटकन कळलं, कारण आमची लोकल तशीच धावते. तळेगाव स्वल्पविराम, वडगाव स्वल्पविराम, कान्हे, कामशेत, मळवली, आणि लोणावळ्याला पूर्णविराम. हा पूर्णविराम विसरला की एबॅप बहुधा पुढच्या ओळीवर बोट ठेवतं. त्यात काही नवल नाही. मी कामशेतचा, गाडीत डुलकी लागली तर माझी चूकही मला पुढच्याच स्टेशनावर कळते.

गोची झाली ती टाइपची. सरावासाठी चिक्कीच्या दुकानाचं बिल करायचं होतं. 'डेटा गाव' लिहिलं, पूर्णविराम दिला, टाइप राहिला. एबॅपने हूं की चूं केलं नाही. टाइप सांगितला नाही तर ते गुपचूप एका अक्षराची जागा धरतं. लोणावळ्याचा झाला 'ल', ओकारही गेला. कार्ला, कामशेत आणि कान्हे तिघेही 'क'. अख्खा मावळ 'म'मध्ये मावला.

मग वजनाला टाइप दिला, पण पूर्णांकाचा. अर्धा किलो चिक्की एक किलो झाली आणि पाव किलोचं झालं शून्य. अर्ध्याला वर ढकलायचं, पावाला खाली, असा त्याचा गोळाबेरजेचा न्याय. दशांश हवे असतील तर 'पॅक्ड' टाइप घ्या, असं सरांनी सांगितलं. चिक्कीवाल्याला हे कुणी शिकवावं लागत नाही.

घरी येऊन बायकोला म्हटलं, "यापुढे सगळं टाइपासकट बोलायचं." तेवढ्यात आत्याचा फोन.

"शनिवारी येते."

टाइप नाही. मीही एबॅपसारखाच गप्प राहिलो आणि सगळ्यात लहान जागा धरली: एक कप चहा.

शनिवारी आत्या रिक्षातून उतरली. दोन पिशव्या, एक वळकटी आणि इंद्रायणी तांदळाचं दहा किलोचं पोतं. मी पोतं उचललं आणि जमेल तितक्या नम्रपणे विचारलं, "आत्या, मुक्काम किती दिवस?"

"बघू," आत्या म्हणाली, आणि चपला काढून आत गेली.

टाइप नव्हताच. पूर्णविराम मात्र चोख होता. सिंटॅक्सची चूक काढायला जागाच उरली नाही.