चि. ओम दर-ब-दर

दुर्मिळ सिनेमाचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे तो कुणाला दाखवता येत नाही. ‘शोले’बद्दल मी एक वाक्य चुकीचं बोललो तर कोपऱ्यावरचा पानवालाही मला दुरुस्त करतो. पण १९८८ साली पुरा होऊन पंचवीस वर्षं थिएटरचं तोंड न पाहिलेल्या सिनेमाबद्दल मी काय वाटेल ते बोललो, तरी समोरच्याला मान हलवण्यापलीकडे काही करता येत नाही. पुण्यातल्या सिनेमावेड्यांच्या कट्ट्यावर माझी जी काही पत होती, ती अशाच एका सिनेमाच्या जिवावर होती. सिनेमाचं नाव ‘ओम दर-ब-दर’.

दिग्दर्शक कमल स्वरूप, म्हणजे आपल्या लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडलेला माणूस. पैसा एनएफडीसीचा. बर्लिनच्या महोत्सवात सिनेमा दाखवला गेला, फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यानंतर तो जो गडप झाला तो झालाच. रीतसर प्रदर्शन नाही. राहिल्या त्या व्हीएचएस कॅसेटी. एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा त्या हॉस्टेलांतून आणि भाड्याच्या खोल्यांतून फिरत राहिल्या. व्हीएचएसचं दुखणं असं की प्रत्येक कॉपीला चित्र थोडं थोडं विरत जातं. माझ्या हाती आलेली कॅसेट कितव्या पिढीतली होती देव जाणे, पण तिच्यात माणसं हिरवट दिसत आणि पाण्याखालून बोलल्यासारखी बोलत. कथेतल्या ओमला श्वास रोखून धरायची सिद्धी असल्यामुळे तेही आम्हाला कथेला धरूनच वाटे.

कथा विचारू नका, असं मी म्हणत असे, आणि त्यात फार मोठा अर्थ आहे असं समोरचा समजत असे. अजमेर आणि पुष्कर. ओम नावाचा मुलगा. त्याचे बाबूजी सरकारी नोकरी सोडून लोकांच्या पत्रिका बघतात. बहीण गायत्री, तिच्या मागे असलेला जगदीश, एक फुलकुमारी, हिरे, आणि बेडूक. बेडकांचं कथेत नक्की काय काम आहे हे कुणी विचारलं, की मी खिन्न हसून म्हणे, “ओरिजिनल प्रिंट बघायला हवी हो. ह्या कॉपीत निम्मं कळत नाही.” हे वाक्य मी किती वर्षं वापरलं! खराब प्रिंटसारखा आसरा नाही. न कळलेलं सगळं तिच्या नावावर टाकता येतं.

कॅसेटीवर नाव बॉलपेनानं लिहिलेलं होतं. खाली जुन्या लेबलाचा एक तुकडा चिकटून राहिला होता आणि त्यावर फक्त ‘चि.’ एवढं अक्षर वाचता येत होतं. चि. म्हणजे चित्रपट, हे आम्ही एकमतानं ठरवलं. कॅसेटीची मागची प्लॅस्टिकची खिट्टी मोडलेली होती. ती मोडली की टेपवर दुसरं काही भरता येत नाही. पण त्या भोकावर कुणीतरी सेलोटेप चिकटवली होती. सेलोटेप लावली की मशीन फसतं आणि पुन्हा टेप करता येतं, हे तेव्हा शाळकरी पोरांनासुद्धा ठाऊक होतं. मला ते भोकाला लावलेलं मलमच वाटलं होतं.

व्हीसीआर भाड्यानं आणून घरी खास खेळ केला त्या रात्री आमच्या हॉलमध्ये कट्ट्यावरची सात-आठ मंडळी होती. त्यात आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ ‘सर’ होते. ते कुठल्याही शाळेत शिकवत नव्हते, पण पाइप ओढत. शेजारचे काका नावात ‘ओम’ ऐकून धार्मिक असेल म्हणून आले होते. ते दहाव्या मिनिटाला मांडी मोडून उठले आणि जाताना टीव्हीला नमस्कार करून गेले.

साधारण मध्यावर चित्र थरथरलं, पडद्यावर बर्फ पडला, आणि अचानक लग्न लागलं.

खरोखरचं लग्न. अंतरपाट, मुंडावळ्या, शालू, मामा. मागे बँड. चारेक मिनिटं. एक सफारीतले जाडसर गृहस्थ जिलबीचा घास हातात घेऊन थेट कॅमेऱ्याकडे बघत राहतात, बराच वेळ, आणि मग एकदम तोंड फिरवतात. पुन्हा बर्फ, आणि पुन्हा अजमेर.

हॉलमध्ये शांतता पसरली. सरांनी पाइप तोंडातून काढला. “काय धाडस आहे,” ते म्हणाले.

“हे लग्न मिरज-सांगलीकडचं आहे,” स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली. “अजमेरात मुंडावळ्या कुठून आल्या?”

मी तिच्याकडे करुणेनं पाहिलं. म्हटलं, दिग्दर्शक पुण्यात शिकलाय, मुंडावळ्या येणारच. सरांनी तर पुढे जाऊन जिलबीवाल्या गृहस्थांच्या नजरेत ब्रेख्त दाखवून दिला. नट प्रेक्षकाच्या डोळ्यांत डोळे घालतो आणि नाटकाचा भ्रम मोडतो, वगैरे. त्या रात्री आम्ही टेप मागे नेऊन लग्न इतक्या वेळा पाहिलं, की उरलेला सिनेमा बघायला कुणाला त्राण राहिलं नाही. बायकोनं शेवटी एवढंच विचारलं, की जेवायला काय होतं ते कळलं का.

पुढे ते लग्न कट्ट्यावर वाढत गेलं. कुणाला त्यात नवरीच्या डोळ्यांत पाणी दिसलं. कुणाला अंतरपाटावर बेडकाची सावली दिसली. एकानं तर नवरी ही समांतर रंगभूमीवरची नटी असून आपण तिला सुदर्शनला पाहिल्याचं शपथेवर सांगितलं. ज्यांनी कॅसेट बघितलीच नव्हती, त्यांचे तपशील तर आमच्याहून बारीक असत. कट्ट्यावर नवीन कुणी आलं की मी मुद्दाम सहज विचारत असे, “लग्नाचा सीन आठवतोय ना?” तोही म्हणे, “अरे, तो कोण विसरेल!”

आम्हीच काही जगावेगळे नव्हतो. हिचकॉकच्या पाच सिनेमांचे हक्क त्याच्या स्वतःकडे होते आणि ते त्यानं दाबून ठेवले होते. ‘रिअर विंडो’ आणि ‘व्हर्टिगो’ त्यांतलेच. तो १९८० साली गेला, आणि हे सिनेमे पुन्हा पडद्यावर यायला १९८३ उजाडलं. पण गंमत बघा. १९८२ साली, म्हणजे ‘व्हर्टिगो’ रीतसर कुठेच बघायला मिळत नव्हता तेव्हा, ब्रिटनच्या ‘साइट अँड साउंड’ मासिकानं जगभरच्या समीक्षकांना सर्वोत्तम दहा सिनेमे विचारले, आणि ‘व्हर्टिगो’ पहिल्यांदाच त्या यादीत शिरला, सातव्या स्थानी विभागून. पुढे २०१२ साली तोच पहिला आला. माझं आपलं स्वच्छ मत आहे, की तो दहा वर्षं कपाटात नसता तर इतका वर चढला नसता. आपल्याकडे आणीबाणीत ‘आँधी’ थिएटरांतून उतरवला, त्यानंतर तो न पाहिलेल्यांनीसुद्धा त्यात इंदिराबाई काय काय करतात ते एकमेकांना सांगितलं. मिळत नसलेल्या सिनेमाइतका रंगलेला सिनेमा मी पाहिलेला नाही.

सरांकडे तर ‘आलम आरा’ होता. म्हणजे आठवणीत. १९३१ साली आलेला आपला पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज शिल्लक नाही. सरांच्या वडिलांनी तो मुंबईला मॅजेस्टिकमध्ये पाहिला होता, आणि सर त्यातले प्रसंग अशा तयारीनं सांगत की बोलपट वडिलांनी पाहिला की सरांनी, हे विचारायची कुणाची छाती होत नसे.

मग २०१४ उजाडलं. एनएफडीसीनं ‘ओम दर-ब-दर’ची प्रत साफसूफ करून घेतली आणि १७ जानेवारीला सिनेमा चक्क मल्टिप्लेक्समध्ये लागला. माझ्या पोटात गोळा आला. पंचवीस वर्षं जे दैवत कपाटात होतं ते पॉपकॉर्नच्या शेजारी येऊन बसणार! आम्ही डेक्कन क्वीननं मुंबईला गेलो. सर सत्तरीपार गेले होते, पाइप सुटला होता, हातात इनहेलर होता.

दिवे गेले. चित्र आरशासारखं स्वच्छ. माणसं हिरवी नव्हती. शब्दन् शब्द ऐकू येत होता. आणि मला, खरं सांगतो, पूर्वीइतकंही कळेना. पूर्वी जे कळत नव्हतं ते कॉपीत पुसलं गेलंय असं वाटायचं. आता सगळं समोर होतं, ढळढळीत, आणि कुणावर ढकलायची सोय नव्हती. शेजारच्या खुर्चीतली कॉलेजची दोन पोरं खदखदून हसत होती, अगदी बरोब्बर जागी. हा सिनेमा विनोदी आहे ही बातमी मला त्या अंधारात, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळली. इतकी वर्षं मी तो भुवया आक्रसून पाहिला होता.

मध्यंतरानंतर आम्ही लग्नाची वाट बघायला लागलो. बेडूक येऊन गेले. बाबूजी येऊन गेले. सरांनी माझा दंड धरला, “आता.” काही नाही. “आता बघ.” नाही. सिनेमा संपला, श्रेयनामावली संपली, झाडूवाला आला, तरी सर उठेनात. झाडूवाल्यानं विचारलं, “कुणाची वाट बघताय?” सर म्हणाले, “वऱ्हाडाची.”

इराण्याकडे बसून आम्ही ठराव केला. सीन कापला गेला होता. इतकं जहाल काही मल्टिप्लेक्सला कसं झेपेल? सरांनी पत्राचा मसुदाही नॅपकिनवर लिहिला, आणि त्यात ‘सांस्कृतिक हत्या’ हा शब्द दोनदा आला. ते पत्र गेलं नाही, कारण नॅपकिनवर कुणीतरी बनमस्का ठेवला. पण माझ्याकडे त्या प्रसंगाची जगातली एकमेव प्रत आहे, हे त्या दिवसापासून पक्कं झालं. घरी आल्यावर मी कॅसेट कपाटातून काढून बँकेच्या लॉकरात ठेवली. बायकोच्या पाटल्या त्यासाठी बाहेर आल्या. तिनं त्या निमूटपणे हातात घातल्या. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात तिच्या माहेरच्या नात्यात मुंज होती, मिरजेला. पंगतीत माझ्यासमोर एक वहिनी बसल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, “आमच्या लग्नाची कॅसेट नाहीये हो. म्हणजे होती. तेव्हा गावात आमचंच पहिलं व्हिडिओ शूटिंग. माझा धाकटा भाऊ पुण्याला हॉस्टेलवर मित्रांना दाखवायला घेऊन गेला, आणि तिकडं त्याच्या रूममधल्या कुणी सिनेमावेड्यानं तिच्यावर कसला तरी पिक्चर उतरवून घेतला. मी स्वतःच्या हातानं खिट्टी मोडली होती, भाऊजी! तरी त्या मेल्यानं चिकटपट्टी लावली.”

माझा मठ्ठ्याचा घोट घशातच थांबला. बायको माझ्याकडे बघत होती. तेवीस वर्षांपूर्वी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती, तसंच.

“चिरंजीव लिहिलं होतं का हो लेबलावर?” तिनं विचारलं. “आधी चि., मग नवरदेवांचं नाव?”

“हो! तुम्हाला कसं माहीत?”

“तुमची कॅसेट ह्यांच्याकडे आहे,” बायको म्हणाली. “लॉकरमध्ये.” एवढं बोलून तिनं वाढप्याकडे माझ्यासाठी जिलबी मागितली.

गोष्ट साधी होती. कॉपी करताना मध्येच लाइट गेली असणार, मग कुणीतरी अंदाजानं टेप थोडी पुढे नेऊन पुन्हा रेकॉर्डिंग सुरू केलं, आणि मधली चार मिनिटं तशीच राहून गेली. सबंध विवाहसोहळ्यातून एवढंच वाचलं. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची चारांपैकी पहिलं आणि शेवटचं अशी दोन रिळं पुण्याच्या अर्काइव्हमध्ये आहेत, आणि तीही १९१३च्या मूळ सिनेमाची की १९१७ साली पुन्हा केलेल्याची, यावर जाणकार भांडतात. त्या हिशेबानं वहिनींचं बरं चाललं होतं. सरांना मी फोनवर हकिगत सांगितली. बराच वेळ इनहेलरचा आवाज आला, मग म्हणाले, “तरीही तो सीन सिनेमात हवा होता.”

टेपला बुरशी आली होती. नारायण पेठेतल्या एका पोऱ्यानं ती साफ करून, चार मिनिटं आणि त्याच्या मागची-पुढची थोडी टेप पेनड्राइव्हवर काढून दिली. रविवारी आम्ही मिरजेला. वहिनींच्या घरी सगळा गोतावळा जमलेला, चकल्या तळलेल्या, मोठ्या टीव्हीसमोर सतरंजी. सुरू व्हायच्या आधीच वाद लागले. दीर म्हणाले, मंगलाष्टकं चालू असताना मांडवात बैल शिरला होता, ते येईल बघा. वहिनींना त्यांचे वडील रडताना बघायचे होते. नवरदेवांना आपण तेव्हा बारीक होतो हे मुलांना दाखवायचं होतं. एका आत्याबाईंच्या मते लग्नाला यशवंतराव चव्हाण आले होते. लग्न १९८९चं, यशवंतराव १९८४ सालीच गेलेले. पण आत्याबाई अडून बसल्या, “कॅसेटमध्ये दिसतात.”

चित्र लागलं. बैल आला नाही. वडील रडले नाहीत, ते कुणाला तरी खुर्च्या मोजायला सांगत होते. नवरदेव तेव्हाही जाडच होते. सफारीतले गृहस्थ जिलबी घेऊन उभे राहिले आणि एकच हलकल्लोळ झाला, “मोठे मामा!” मोठे मामा स्वतः सतरंजीच्या टोकाला आरामखुर्चीत होते, आता नव्वदीला टेकलेले. मी न राहवून त्यांना विचारलं, तुम्ही कॅमेऱ्याकडे इतका वेळ का बघत होतात?

“तो शूटिंगवाला माझ्या पानातली जिलबी उचलून गेला होता,” मामा म्हणाले.

तेवढ्यात पडदा थरथरला, बर्फ पडला, आणि पेनड्राइव्हच्या शेपटाला राहिलेलं अजमेर सुरू झालं. हिरवट बाबूजी पाण्याखालून काहीतरी बोलू लागले. खोली चिडीचूप झाली.

“हे कुणाकडचे?” आत्याबाईंनी विचारलं.

वहिनी म्हणाल्या, आमच्याकडचे नाहीत. दीर म्हणाले, आमच्याकडचेही दिसत नाहीत. मी घसा खाकरला. म्हटलं, हा आहे कमल स्वरूप यांचा १९८८चा, आणि हे जे दिसतायत ते ओमचे वडील, ज्योतिष बघणारे...

“मला सांगतोस?” मोठे मामा म्हणाले. “मुलाकडचा जोशी हा. ह्यानंच मुहूर्त काढला होता. चांगला ओळखतो मी, माझ्याच पंगतीला होता.”