सेक्रेटरीची पूर्वकथा

खलनायकालाही पूर्वायुष्य असतं, याच्याशी आम्हा कोल्हापूरकरांना कधी देणंघेणं नव्हतं. बाबूराव पेंटरांनी 1925 साली इथंच ‘सावकारी पाश’ काढला. व्ही. शांतारामांनी रंगवलेला तरणा शेतकरी जमीन गमावून शहरात गिरणी कामगार झाला. पण ‘हा सावकार लहानपणी कसा होता हो?’ असं कुणी विचारलं नसावं. ‘सामना’तला (1975) निळूभाऊंचा हिंदूराव धोंडे पाटील पडद्यावर आला तो तयार साखरसम्राट होऊनच. खरे निळू फुले सेवादलाचे साधे कार्यकर्ते, पण त्यांनी नुसती नजर फिरवली की बायाबापड्या शिव्या घालायच्या. पूर्वकथा हवीय कशाला?

अशा संस्कारांत वाढलेल्या मला भाचीनं ‘द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स’ला नेलं. सुझान कॉलिन्सबाईंच्या 2020 च्या कादंबरीवर 2023 साली निघालेला हा सिनेमा. ‘हंगर गेम्स’मध्ये पोरांना पोरांकडून मारवणारा, कोटाला गुलाब लावणारा तो क्रूर अध्यक्ष स्नो अठराव्या वर्षी कसा होता, याची ही गोष्ट. तर पोरगं अगदी गुणी! वडील युद्धात गेलेले, इस्टेट बुडालेली. घरात कोबीवर भागवायचं आणि बाहेर बहिणीनं बेतून दिलेला बापाचा जुना शर्ट घालून खानदानी रुबाब करायचा. त्या जीवघेण्या खेळाला प्रेक्षक मिळेनात, तर यानं डोकं चालवलं : लोकांना पैजा लावू द्या, आवडत्या खेळाडूला खाऊ पाठवू द्या.

“किती शिस्तीचा आहे!” मी म्हणालो.

“मामा, तो व्हिलन आहे,” भाची म्हणाली.

“अगं, पण कुणीतरी जबाबदारी घ्यायलाच पाहिजे की!”

हे मी अनुभवानं बोलत होतो, कारण तेव्हा मी आमच्या अपार्टमेंटचा सेक्रेटरी होतो. पद मी मागितलं नव्हतं. सभेत सगळे मोबाइलमध्ये बघत होते, मी एकटा वर बघत होतो. पहिली नोटीस लावली : ‘कृपया चपला दारात काढू नयेत.’ कुणी वाचली नाही. दुसरीतून ‘कृपया’ गेलं. तिसरीत लाल शाई आणि दंड आला. मग पाण्याच्या मोटारीची किल्ली माझ्या खिशात आली आणि कोण किती वाजता घरी येतो याची वही वॉचमनकडं गेली. सगळं लोकांच्या भल्यासाठी.

तिसऱ्या मजल्यावरचे आबा माझे जिवाभावाचे सोबती. एका संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खाताना त्यांनी विश्वासानं सांगितलं, “पाणीबंदीच्या दिवशी गाडी धुतली बघा गुपचूप. पावणे येणार हुते.” मी मान डोलावली, भेळीचे पैसेही दिले. सकाळी फलकावर आबांचं नाव, मजला आणि दंडाची रक्कम. मैत्री आपल्या जागी, नियम आपल्या जागी!

सिनेमात स्नोचा मित्र सेजानस त्याला भाऊ मानतो. त्याचं बंडखोर बोलणं स्नो गुपचूप, ऐकलेलं जसंच्या तसं बोलणाऱ्या पक्ष्याकडून टिपून घेतो आणि वर पाठवतो. सेजानस फासावर जातो. पुढं त्याचे श्रीमंत आईबाप मुलाच्या जागी स्नोलाच आपला वारस करतात. भाचीनं डोळे पुसले. मी म्हणालो, “नियम माहीत होता की त्याला!” पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून माझ्याकडं असं बघितलं की निळूभाऊंनाही अभिमान वाटला असता.

पुढच्या सभेत मला एकमतानं काढलं. आमच्या अपार्टमेंटमध्ये आजवर एकमत झालेला हा एकमेव ठराव. दुष्ट माणूस स्वतःला दुष्ट समजत नाही, तो स्वतःला सेक्रेटरी समजतो, एवढं त्या सिनेमानं शिकवलं. अर्थात, मोटार माझ्या काळात वेळेवर सुटायची, हेही नोंदवून ठेवतो.

आता आबा सेक्रेटरी आहेत. त्यांची पहिली नोटीस परवा लागली. तीत ‘कृपया’ आहे.

वाचकहो, तुमच्या सभेत कुणी वर बघताना दिसला, तर त्याला पाहिजे तर चहा पाजा; मोटारीची किल्ली देऊ नका.