ताक, टाक आणि तिकीट

सिॲटल, १५ मार्च

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

आम्ही खुशाल आहोत. फजिती होते ती फक्त अक्षरांपायी.

बाबा, निफाडची आठवण म्हणून मागच्या अंगणात द्राक्षाचा वेल लावायचं ठरलं. मंदारने नर्सरीत जाऊन ‘ग्रेप वाइन’ मागितली. तिथल्या पोराने हसत पलीकडचं दारूचं दुकान दाखवलं! इंग्रजीत वेलाच्या ‘व’ला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, दारूच्या ‘व’ला ओठांचा चंबू करायचा. आपला ‘व’ एकच. त्यातच वेल आणि त्यातच बाटली.

पण परवा फिटंफाट झाली. शेजारीणबाई जेवायला आल्या होत्या. ताक भारी आवडलं, नाव विचारून घेतलं, आणि अर्धा पेला पुढे करून म्हणाल्या, “टाक!” मंदारने मुकाट्याने पेला घेतला नि मोरीत ओतला. मग मी दहा वेळा सावकाश ‘ताक’ म्हणून दाखवलं. त्या दहाही वेळा ‘टाक’ म्हणाल्या, वर, “मी तेच तर म्हणतेय!” त्यांची जीभ ना दातांना टेकते, ना मागे वळते, मधेच हिरडीपाशी थांबते. आपल्याला तो ‘ट’ वाटतो, त्यांना त आणि ट दोन्ही एकच.

त्यांचं चुकलं नाही, कानच तसा घडलाय. १९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी दाखवलं, की इंग्रजी घरांतली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतले त आणि ट वेगळे ओळखतात. दहा-बारा महिन्यांची होईतो बहुतेकांचं ते कसब जातं.

आपली चिमी परवाच सात महिन्यांची झाली. दिवसभर पाळणाघरात इंग्रजी, संध्याकाळी आम्ही दोघं दमलेले. तिच्या कानावर ‘ळ’ पडतो कधी?

रोज व्हिडिओ कॉल असतो, म्हणाल. पण याच गावात पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी ऐकवली होती. समोर बसून खेळवणाऱ्या माणसांकडून बाळं ते उच्चार ओळखायला शिकली. तेच टीव्हीवरून दाखवलं, तर काही उपयोग झाला नाही. हे २००३ मध्ये छापून आलंय, माझ्या पदरचं नाही.

तेव्हा आई, तुझं “बाळा, केळं खा, मग खेळ” हे तिला तुझ्या मांडीवर बसूनच ऐकू दे. बाबा, एप्रिलची खरड छाटणी उरकली की लगेच तिकिटं काढा. वेलही लावायचा राहिलाय.

तुमची,
मनू