‘सह्याद्री’चा साचा दिल्लीत का ठरतो?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तेव्हा ती मराठी वाहिनी नव्हती. मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी असे सगळे संध्याकाळचे मोजके तास वाटून घ्यायचे. तरीही दूरदर्शनच्याच आजच्या चोवीस तासांच्या मराठी ‘सह्याद्री’पेक्षा त्या तुकड्यात मराठी माणूस जास्त दिसायचा, हे मी ठामपणे म्हणतो.

तेव्हा विषयाला विभाग होता आणि विभागाला निर्माता. शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती, आमची माणसं’, कामगारांसाठी ‘कामगार विश्व’, मुलांसाठी ‘किलबिल’, साहित्यासाठी ‘प्रतिभा आणि प्रतिमा’. विनायक चासकरांच्या ‘गजरा’ने रंगभूमीवरची किती माणसं घराघरांत नेली! भक्ती बर्वे आणि स्मिता पाटील बातम्या वाचायच्या. आकाशानंदांच्या ‘ज्ञानदीप’ने तर कमालच केली. कार्यक्रम बघून लोक उठून गेले नाहीत, त्यांनी गावोगाव ज्ञानदीप मंडळं काढली. प्रेक्षकाला कामाला लावणारा असा कार्यक्रम त्यानंतरच्या कुठल्याही मराठी वाहिनीला जमलेला नाही. संकेतस्थळ काढून, लाखोंची बक्षिसं लावूनही नाही.

मग साचा बदलला. एकदा नाही, वारंवार. आणि दर वेळी बदल बाहेरून आला.

१५ ऑगस्ट १९८२ ला रंग आला आणि त्याबरोबर दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम आला. रात्रीचा मोक्याचा वेळ दिल्लीने घेतला आणि मराठीच्या वाट्याला संध्याकाळ उरली. ‘हम लोग’नंतर प्रायोजित मालिकांचं युग सुरू झालं. बाहेरच्या निर्मात्याने प्रक्षेपण शुल्क भरायचं आणि बदल्यात जाहिरातींची ठराविक सेकंदं विकून पैसे काढायचे. हा व्यवहार वरवर सोयीचा, पण त्याने केंद्राच्या आतला निर्माता हळूहळू बिनकामाचा झाला. कार्यक्रम घडवणारं केंद्र वेळ भाड्याने देणारं केंद्र झालं. माझ्या मते खरी पडझड इथे झाली. केबलवाल्यांना उगाच दोष दिला जातो.

१९९४ मध्ये उपग्रहावरून मराठीला स्वतंत्र वाहिनी मिळाली. पुढे तिला ‘सह्याद्री’ हे सुंदर नावही मिळालं. तास वाढले, ते भरायला माणसं मात्र वाढली नाहीत. तरी ‘दामिनी’ने तग धरायला बळ दिलं, प्रतीक्षा लोणकरांची पत्रकार नायिका घरोघरी ओळखीची झाली. १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’ आली, पाठोपाठ ‘ई टीव्ही मराठी’, आणि ‘सह्याद्री’ त्यांच्यामागे धावू लागली. सरकारी वाहिनीने खासगी वाहिनीसारखं व्हायचं ठरवलं, की ती दोन्हीकडून जाते. खासगीकडे पैसा असतो, घाई असते. हिच्याकडे दोन्ही नाही. हिच्याकडे होतं ते शेतीचं ज्ञान, शास्त्रीय संगीत, बोलीभाषा आणि ‘हे विकलं जाईल का’ असं विचारावं न लागण्याचं स्वातंत्र्य.

हे स्वातंत्र्य अजून आहे. विक्रम गोखलेंनी ‘दुसरी बाजू’मध्ये माणसांना घाई न करता बोलतं केलं, ते याच वाहिनीवर. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या, घरात स्मार्टफोन नव्हता, तेव्हा ‘टिलीमिली’ ही शालेय मालिका पोरांपर्यंत पोचली तीही ‘सह्याद्री’वरून. गरज पडली की आठवण होते आणि गरज सरली की वाहिनी पुन्हा पुनःप्रक्षेपणांच्या हवाली.

आता तर छपरावरच्या अँटेनाची साथही सुटली. दूरदर्शनने जुनी भूप्रक्षेपण केंद्रं जवळपास सगळी बंद केली. ज्याला महिन्याचे पैसे भरणं जड जातं, त्याच्याकडे दूरदर्शनच्या मोफत ‘फ्री डिश’ची थाळी आहे. पण त्या थाळीवरच्या जागांचाही लिलाव होतो आणि तिथे खासगी वाहिन्यांची गर्दी आहे. या गर्दीत ‘सह्याद्री’ने उठून दिसायचं तर तिला स्वतःचं काहीतरी दाखवावं लागेल.

‘सह्याद्री’ला नवा लोगो नको, नवं शीर्षकगीत नको, चकचकीत सेट तर मुळीच नको. तीन गोष्टी हव्यात. वर्षानुवर्षं रखडलेली कार्यक्रम निर्मात्यांची नियमित भरती. नागपूर आणि पुण्याच्या केंद्रांना मुंबईइतकाच हक्काचा वेळ, म्हणजे झाडीपट्टीचं नाटक आणि वऱ्हाडातला कापूसवाला यांना मुंबईच्या परवानगीची वाट बघावी लागणार नाही. आणि संग्रहात जे वाचलं आहे त्याची जाहीर यादी. टेपा महाग होत्या म्हणून जुन्यावर नवं चित्रित करण्याच्या त्या काळात बरंच कायमचं पुसलं गेलं. उरलंय त्यावर महाराष्ट्राचा हक्क आहे.

दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती दिल्लीत आहे, पण महाराष्ट्राचे ४८ खासदारही तिथेच बसतात. ‘सह्याद्री’चा निर्माता नेमा, असं त्यांतल्या एकाने तरी लोकसभेत उभं राहून म्हणावं. आपल्या खासदाराला या आठवड्यात एक पत्र टाका.